गोणीतलं हाडूक

पौषातलं धुकं त्या सकाळी इतकं दाट उतरलं होतं की चिकलठाण्याच्या एमआयडीसीतल्या चिमण्यांचे नुसते बुडखे दिसत होते, शेंडे कुणी कापून नेल्यासारखे. सातचा भोंगा झाला, पण कोणत्या कंपनीचा, कोणत्या अंगानं आला, काही कळलं नाही. मंजुळाबाईनं भंगाराच्या आवाराचं पत्र्याचं दार ढकललं, पदर कानावरून ओढला आणि काल अर्धा राहिलेला ढीग पुढ्यात घेऊन बसली. थंडीत लोखंड चावतं. म्हणून हाताला चिंध्या गुंडाळायच्या. पण उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट ती उघडंच ठेवायची.

"डोळ्याला कुणी फडकं बांधतं व्हय?" म्हणायची.

काम साधं होतं. कारखान्यांतून ट्रकानं भंगार यायचं. त्यातलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वेगळं, पितळ वेगळं, तांबं वेगळं करायचं. जुन्या स्पीकरमधलं एक वाटोळं लोहचुंबक दोरीला बांधलेलं होतं. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर बोटांनी ओळखायचं. दोन बायांत मिळून चुंबक एकच. दुसरी बाई साळूबाई. अकरा वर्षं दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसत होत्या, आणि चुंबक या हातातून त्या हातात न बघता जात होतं.

साळूबाई धुक्यातून आली ती दारातच थबकली.

"मंजुळे, कुणी शिवाया बसलंय का गं इथं?"

"भंगारात कोण शिवंल, बाई?"

"ऐक तर. टक टक टक टक."

मंजुळाबाईला तो आवाज आल्यापासून येत होता. पत्र्यावरून दव गळतंय असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. पण दव असं गळत नाही. आठ-दहा ठोके सरळ एका दमात, मग थांबा, कापड फिरवून घ्यावं इतकाच, आणि पुन्हा आठ-दहा. हा आवाज आपण याआधी कुठं ऐकलाय ते तिला लगेच आठवलं. तितक्याच लगेच तिनं ते मनातून लोटून दिलं.

"दव है," ती म्हणाली. "बस खाली."

साळूबाई बसली. आवाज थांबला.

मंजुळाबाई धनगराच्या घरातली. जन्म वाटेवरचा; कोणत्या गावाच्या शिवारात, हे आईलाही सांगता यायचं नाही. बाप रात्री मेंढरं वाघरीत, जाळीच्या कुंपणात, कोंडायचा तेव्हा सात-आठ वर्षांची मंजुळा डोळे मिटून कळपात शिरायची आणि कानांच्या खाचा चाचपून सांगायची, "ही आपली, ही कडूकाकाची, ही कुणाची चुकून आलेली." कधी चुकली नाही. बहात्तरच्या दुष्काळात सासरची मेंढरं गेली. नवरा मल्हारी आणि ती शहरात आली. त्यानं कंपनीच्या गेटावर वॉचमनची काठी धरली, हिनं आधी खडी फोडली, मग भंगार. मेंढरांचे कान गेले. बोटं तीच राहिली.

त्या बोटांमुळंच डाव सुरू झाला.

डाव आप्पासाहेबांनी काढला. हे काट्यावरचे, म्हणजे येणारा-जाणारा माल तोलून घेणारे. लासूर स्टेशनकडचे जमीनदार घरातले, पण शेतात रमले नाहीत. यंत्रांचं भारी वेड. औरंगपुऱ्यात रद्दीच्या दुकानात त्यांना एक जाड पुस्तक मिळालं होतं, जगातल्या जुन्या आणि चमत्कारिक यंत्रांच्या चित्रांचं, मागची पानं फाटलेलं. त्यावरून ते चहाच्या सुट्टीत कोडी घालायचे. सोड्याच्या बाटलीच्या गळ्यात गोटी का घातली? पाणचक्कीला डोंगरातलं पाणी वर कसं चढतं? कुणाला येत नव्हतं. मग एकदा त्यांनी भंगारातला एक तुकडा गोणीत घातला आणि म्हणाले, "चला, डोळे मिटून हात घाला. कशाचं हाडूक है सांगा. वीस आकडे मोजतो. चुकला त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा."

अकरा वर्षांत मंजुळाबाईनं एकदाही चहा पाजला नव्हता.

नुसतं नाव सांगून ती थांबायची नाही, हे त्यातलं नवल. एकदा जड ओतीव असं काही हाताला लागलं. तिनं बराच वेळ आत हात ठेवला आणि म्हणाली, "ह्याच्या तोंडात पुठ्ठ्याचं काहीतरी घालत्यात, आन् ते चावून सोडतंय. रोज येगळं चावतंय." आप्पासाहेब उडालेच. रेल्वेच्या जुन्या तिकिटांवर तारीख उठवायचं यंत्र होतं ते; विलायतेतल्या एका स्टेशनमास्तरानं दीडशे वर्षांमागं काढलेली युक्ती. दुसऱ्यांदा एक दांड्याचा डबा होता. तिनं हात लावला आणि झटक्यानं बाहेर काढला.

"हे रडतंय," म्हणाली.

"यंत्र कधी रडतं काय, मंजुळाबाई?"

"मंग फिरवा दांडा."

आप्पासाहेबांनी गोणी उघडून दांडा फिरवला. आधी घरघर, मग हुंदका, मग असा लांबलचक टाहो निघाला की रस्त्यावरची कुत्री पळाली आणि घण मारणाऱ्या केरबाच्या हातातला घण खाली पडला. निजामाच्या काळातला, विमान आलं की लोकांना सावध करणारा भोंगा होता तो. केरबा त्या दिवसापासून मंजुळाबाईच्या सावलीवर पाय देत नसे. "बाईला हाडकं बोलत्यात," तो सांगायचा. "मेलेल्याचं मेल्यागत राहू द्यावं माणसानं."

साळूबाई मात्र या डावात कधी हात घालायची नाही. ती बसून ऐकायची.

साळूबाईचं सासर सिल्लोडच्या वाटेवरचं. तिचा नवरा कडुबा गावात शिवणकाम करायचा. अठ्ठ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि त्या बातमीपाठोपाठ गावोगाव जमाव निघाले. वस्तीतली नऊ घरं जळाली. माणसं ज्वारीच्या रानात लपली म्हणून वाचली. सकाळी येऊन बघितलं तर घराच्या जागी राख, राखेत शिवणयंत्राचा पायानं चालवायचा लोखंडी पायटा, आणि वरचं मशीन नाही. जळालेलं नाही, नेलेलं. त्या मशीनच्या चाकाचा एक आरा मोडला होता आणि कडुबानं तो पितळेनं झाळून घेतला होता. लांबून सोन्याचा दात दिसावा तसा दिसायचा. हे साळूबाईनं इतक्यांदा सांगितलं होतं की आवारातल्या कुणालाही ते पाठ झालं असतं.

दोघं शहरात आली. कडुबानं मोंढ्यात पोती वाहिली. पुन्हा सुईला हात लावला नाही. पण झोपेत त्याचे पाय चालायचे. टाच वर, चवडा खाली, चवडा वर, टाच खाली. शहाऐंशी साली तो वारला त्या दुपारी दवाखान्याच्या खाटेवरही चालत होते. साळूबाईनं दोन्ही हातांनी धरले तेव्हा थांबले. त्यानंतर ती नामांतराच्या मोर्च्याला जायला लागली. हर्सूलच्या जेलात आठ दिवस राहून आली आणि नवव्या दिवशी ढिगापाशी येऊन बसली. मंजुळाबाईनं न बोलता चुंबक पुढं केलं.

दोघींचं असंच होतं. पहिलं सालभर मंजुळाबाई तिला पाणी वरून ओतायची. मग कधीतरी ते बंद झालं आणि दोघी एका डब्यात जेवायला लागल्या. ते कोणत्या दिवशी झालं, हे मंजुळाबाईला आठवत नव्हतं. साळूबाईला आठवत होतं. पण त्या रात्री जमाव कोणकोणत्या गावांतून आला होता, हे साळूबाई सांगायची नाही आणि मंजुळाबाई विचारायची नाही. मंजुळाबाईचं माहेर पुढं जिथं स्थिरावलं ते गाव तिथून तीन कोसांवर होतं.

तर ती पौषातली सकाळ. चौऱ्याण्णव साल नुकतंच लागलेलं. संक्रांत चार दिवसांवर. या वेळी विद्यापीठाचं नाव होणारच, असं सगळीकडं बोललं जात होतं आणि कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. चौकाचौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या. खेड्यांकडच्या एसट्या रिकाम्या जायच्या.

नऊच्या सुमाराला आप्पासाहेब एक गोणी ओढत आले.

"ही कुणी टाकली फाटकात? ना चिठ्ठी ना माणूस. तोलायलाबी थांबला नाय."

"धुकं है," केरबा म्हणाला. "धुक्यात आलेलं धुक्यात परत धाडा."

"गप रे. आज डाव ह्याचाच. आधी एक कोडं ऐका." आप्पासाहेब खुशीत होते. "फ्रान्स देशात दीडशे वर्षांवर झाली ह्या गोष्टीला. एका यंत्राचा कारखाना निघाला, आन् दोनेकशे माणसांनी जमाव करून तो फोडला. एकूण एक यंत्र मोडलं. कोणतं यंत्र, आन् फोडणारे कोण?"

केरबानं डोकं खाजवलं.

"शिवणयंत्र. फोडणारे शिंपी."

साळूबाईनं मान वर केली. "शिंपी व्हते म्हंजी त्यांच्या पोटावर आलं म्हणून फोडलं, आप्पासाहेब. आमचं काय आलं व्हतं कुणाच्या पोटावर?"

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. आपण कुणासमोर काय विचारलं हे त्यांना आत्ता कळलं. ते घाईघाईनं गोणीची दोरी सोडायला लागले. काळी, शेळीच्या केसांची दोरी. गाठ काही सुटेना. नख मोडलं, दात लावले. "सुरा आण रे, केरबा."

"आना इकडं," मंजुळाबाई म्हणाली, आणि तिनं गाठीला बोट लावलं.

गाठ सुटली. तिनं सोडली असंही नाही. बोटांनी आपली आपण सोडली. आत ओढ, डावीकडं वळव, अंगठ्यानं दाब. ही तिच्या बापाच्या घरची गाठ होती. कळप घेऊन हिंडणारी माणसं वाटेवरच्या कुणाच्याही हाती लेकी-बहिणींना गाठोडं धाडायची, तेव्हा ती ही गाठ मारायची. ती दुसऱ्याला सुटायची नाही. सुटलेली दिसली की समजायचं, वाटेत कुणीतरी उघडलं. आणि न सुटता आली की समजायचं, आतलं फक्त तुझ्यासाठी आहे, तू बघ, तू ठेव, कुणाला सांगू नको.

बाप वारल्यावर ही गाठ जगात दोघांनाच येत होती. एक मंजुळाबाई. दुसरा तिचा धाकटा भाऊ भिकन.

"घाला हात," आप्पासाहेब म्हणाले. "एक... दोन..."

तिनं डोळे मिटले. हात आत गेला. आत बाहेरच्याहून जास्त गार होतं. आधी लोकर लागली, तेलकट, चिकटलेली. मग लेंड्यांचा वाळून दगड झालेला चुरा. कुठंतरी मेंढवाड्यात, जमिनीखाली, वर्षानुवर्षं. मग लोखंडाची मान, पुढं उतरता गळा, मागं चाक. चाकाला आरे. एक, दोन, तीन खडबडीत, गंज खाल्लेले. चौथ्यावर मधोमध गुळगुळीत. गंज न चढणारं. पितळ.

"अकरा... बारा..."

ती हात काढणार तेवढ्यात चाक फिरलं. तिच्या तळहाताखाली, सावकाश, कुणी पलीकडून पाय मारावा तसं. आणि बोटात काहीतरी कच्चकन घुसलं.

"एकोणीस... वीस. बोला, मंजुळाबाई."

भिकननं काय धाडलंय आणि का, ते सगळं तिला कळलं होतं. पंधरा वर्षं पुरून ठेवलं. आता नाव होणार म्हणून भ्याला. ताई भंगारात आहे, ताई भट्टीत घालील, ताई आपलीच आहे.

"शेवया पाडायचं यंत्र है," ती म्हणाली. "जुनं."

आप्पासाहेब हसले. "बघू!"

"नका उघडू. घाणेरडं है, लेंड्या हायत आत." तिनं गोणीचं तोंड आवळून गाठ परत मारली होती. "चुकले म्हणून धरा, चहा माझा. केरबा, ते आधी फोडून घे. बीड है."

अकरा वर्षांत ती पहिल्यांदा चुकल्याचं म्हणत होती. आप्पासाहेबांना गंमत वाटली. फ्रान्सच्या कोड्यानं तोंड पोळलेलं, त्यांनाही तिथून उठायचंच होतं. "चला, बाईनं चहा पाजायचा दिवस आला," म्हणत ते गाड्याकडं निघाले.

साळूबाई उठली नाही. मंजुळाबाईनं आणून दिलेल्या कपाला तिनं हात लावला नाही. ती बोटाकडं बघत होती. उघड्या बोटाच्या टोकाला रक्ताचा टिपका आला होता, गोल, बारीक.

"शेवयाचं यंत्र टोचतं व्हय, मंजुळे?"

"गंजलेला पत्रा असंल."

"आप्पासाहेबांनी नख मोडून घेतलं. तुझ्या हाताला गाठ लगेच सुटली."

मंजुळाबाईनं कप तिच्याकडं आणखी सरकवला.

तिकडं केरबा गोणी फरफटत ऐरणीकडं नेत होता. आणि मग परत सुरू झालं. टक टक टक टक. थांबा. टक टक टक टक. गोणीतूनच. केरबानं गोणी सोडली, चार पावलं मागं सरला, मग "मारोतीराया" म्हणून घण उचलला.

मंजुळाबाईनं साळूबाईकडं बघितलं. साळूबाई बसलीच होती, चेहरा दगडासारखा. फक्त लुगड्याखालून आलेलं तिचं पाऊल मातीवर हलत होतं. टाच वर, चवडा खाली. चवडा वर, टाच खाली. आवाजाच्या बरोबर. तिला त्याची कल्पनाही नव्हती.

"थांब!" मंजुळाबाई ओरडली. "मारू नको, केरबा! मारू नको!"

घण वरच्या वर राहिला. ती धावत गेली, गुडघ्यावर पडली, गाठ सोडली आणि गोणी उलटी केली.

आवाज बंद.

मशीन मातीत आडवं पडलं. लेंड्यांनी माखलेलं, काळं. चौथ्या आऱ्यावरचं पितळ तेवढं धुक्यातही चमकत होतं. साळूबाई चालत आली, खाली बसली, तिनं चाकाला हात घातला. चाक हललं नाही. केरबानं दोन्ही हातांनी जोर लावला; गंजानं जागच्या जागी बसलेलं, तसूभर हललं नाही. आप्पासाहेब चहा टाकून आले होते. त्यांनी वाकून बघितलं.

"ह्याला तर सुईच नाय," ते हळूच म्हणाले.

मंजुळाबाईनं रक्ताळलेलं बोट मुठीत मिटलं.

साळूबाईनं खालची पत्री सरकवली. आत बाबीन होती. बाबिनीवर पांढरा दोरा, काल भरल्यासारखा पांढरा. पंधरा वर्षं शेणाखाली राहिलेला दोरा कुजत कसा नाही, हे आप्पासाहेबांच्या पुस्तकात नव्हतं. साळूबाईनं टोक धरून ओढलं. दोरा येत राहिला.

"शाळेचा सदरा व्हता मशीनवर," ती म्हणाली. "एक बाही राहिली व्हती." मग वर न बघता, "दोरी कुणाची?"

"भिकनची. माझ्या भावाची."

"तुला आज कळलं?"

इथं व्हय म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं असतं तर पाप भिकनचं राहिलं असतं आणि मंजुळाबाई डबा उघडून रोजच्या जागी बसली असती.

"नाय," ती म्हणाली. "दिवाळीला माहेरी गेले का मेंढरांच्या वाडग्यातून आवाज यायचा. दुपारचा. भावजय म्हणायची, मेंढरं खूर आपटत्यात. मेंढरं तर रानात असायची, साळू. वाडगं रिकामं है ते मला दिसत व्हतं. तू मशीनचं सांगायचीस तव्हाबी मला ते आठवायचं. पर म्या कव्हा विचारलं नाय. कव्हा वाडग्यात पाय टाकला नाय."

"काहून?"

"ओळखलं असतं म्हणून."

धुक्यात कुठल्यातरी कंपनीचं काहीतरी धडधडत होतं. केरबानं घण अगदी सावकाश, आवाज न करता, खाली टेकवला. आप्पासाहेब दुसरीकडं बघत राहिले.

साळूबाईनं पदरानं चाकाचा तो एक आरा पुसला. बाकीचं मशीन तसंच राहू दिलं. मग उठली.

"भावाला निरोप दे," ती म्हणाली. "मशीन पोचलं म्हणावं. कुणाकडं पोचलं तेबी सांग."

"सांगते."

"तू सोता जाऊन सांग. कुणाच्या हाती धाडू नको."

"जाते. उद्याच जाते."

साळूबाईनं मशीन उचललं. केरबा हात द्यायला पुढं झाला, तिनं मानेनंच नको म्हटलं. पत्र्याच्या भिंतीशी, आपल्या डब्याच्या शेजारी, तिनं ते रिकाम्या पोत्यावर उभं केलं आणि त्याच्यावर आपली शाल टाकली. मग ढिगाकडं आली. रोजच्या जागी बसली नाही. ढिगाच्या पलीकडच्या अंगाला गेली, समोरासमोर, आणि तिच्याकडं असलेलं लोहचुंबक कमरेच्या पिशवीतून काढून मधे मातीवर ठेवलं. दोघींपासून सारखंच लांब.

मंजुळाबाईनं चिंधीचा एक पदर फाडला. टोचलेल्या बोटाला गुंडाळायला घेतला, मग तसाच टाकून दिला. पुढं वाकून चुंबक उचललं. पहिल्या तुकड्याला लावलं. चिकटलं. लोखंड, डावीकडं. दुसरा चिकटला. डावीकडं. तिसरा चिकटला नाही. तो तिनं उघड्या बोटांनी चाचपला, पितळ होतं, उजवीकडं टाकला, आणि चुंबक परत मातीवर मधोमध ठेवून चौथा तुकडा हातात घेतला.